वाचनालयाच्या जुन्या संकेतस्थळाची संपूर्ण प्रत जालजोडणीशिवाय वापरण्यासाठी कशी उतरवून घ्यावी?

वाचनकट्टा (सोमवार, रात्री ९.१०)

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचे एक संकेतस्थळ आहे. त्याची पहिली पाने २००३ साली एका उत्साही सभासदाने हाताने लिहून तयार केली. त्यांत गावाचा इतिहास, जुन्या नाटकमंडळ्यांची छायाचित्रे आणि वार्षिक अंकांतील निवडक लेख आहेत. २०१२ मध्ये त्याला वर्डप्रेस या लेख चढवण्याच्या प्रणालीवरचा एक विभाग जोडला गेला आणि त्यात कार्यक्रमांचे वृत्तांत, वाचकांचे प्रतिसाद व एक दिनदर्शिका येत गेली. सर्व मिळून साधारण १,१०० पाने असावीत, असा माझा अंदाज आहे.

या संकेतस्थळाची जागा ज्या खात्यातून भाड्याने घेतली आहे, त्याची मुदत पुढच्या महिन्याच्या अखेरीस संपते. ती वाढवायची नाही, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. वाचनालयाच्या अभ्यासिकेत दोन संगणक आहेत, पण तेथे जालजोडणी बेभरवशाची आहे. म्हणून संकेतस्थळ बंद होण्यापूर्वी त्याची पूर्ण प्रत त्या संगणकांवर ठेवावी आणि ती मूळ संकेतस्थळासारखीच दुवे टिचकत वाचता यावी, अशी इच्छा आहे. न्याहाळकातून एक एक पान ‘सेव्ह’ करून पाहिले. चाळीस पानांनंतर धीर सुटला, आणि जतन केलेल्या पानावरील दुवे तर पुन्हा मूळ संकेतस्थळाकडेच जातात. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

जुनीपाटी (सोमवार, रात्री १०.०२)

प्रत उतरवण्याचे साधन निवडण्याआधी एक प्रश्न: भाड्याच्या जागेच्या नियंत्रणफलकाचा परवलीचा शब्द कोणाकडे आहे? तो मिळाला, तर सर्व फायली आणि वर्डप्रेसची विदासूची (डेटाबेस) थेट घेता येईल. बाहेरून उतरवलेली प्रत ही संकेतस्थळाची नव्हे, तर त्याच्या दर्शनी रूपाची प्रत असते. वर्डप्रेसमध्ये ‘पान’ नावाची वस्तू कोठेही ठेवलेली नसते. वाचकाने मागणी केली की विदासूचीतून मजकूर काढून ते पान त्या क्षणी रचले जाते, आणि बाहेरून येणाऱ्या प्रतीत फक्त हे रचलेले पान येते. शोधपेटी, प्रतिसादाचा रकाना आणि सभासदांचा प्रवेश यांपैकी काहीही त्या प्रतीत चालणार नाही. ही मर्यादा कार्यकारिणीला आधीच सांगून ठेवा, म्हणजे पुढे ‘शोध का चालत नाही’ अशी विचारणा होणार नाही.

वाचनकट्टा (सोमवार, रात्री १०.३५)

खाते उघडणारे सभासद परदेशी स्थायिक झाले आहेत आणि ज्या विपत्रपेटीवर ते खाते नोंदले आहे, तीच बंद पडली आहे. भाडे आजवर कोणीतरी परस्पर भरत होते. माझ्याकडे वर्डप्रेसचा फक्त लेखकाच्या दर्जाचा प्रवेश आहे, आणि त्यात ‘निर्यात’ हा पर्याय दिसत नाही. म्हणजे प्रत बाहेरूनच घ्यावी लागणार.

खटपट्या (मंगळवार, सकाळी ७.४८)

तर मग या कामासाठी दोन जुनी आणि विश्वासू साधने आहेत, आणि दोन्ही विनामूल्य आहेत. एक एचटीट्रॅक. ते १९९८ पासून उपलब्ध आहे, आणि विंडोजवर त्याला खिडक्या-बटणांचा चेहरा असल्यामुळे नवख्याला सोपे जाते. दुसरे डब्ल्यूगेट. ते १९९६ पासून आहे आणि आज्ञा टंकून चालवावे लागते. मी स्वतः डब्ल्यूगेट वापरतो, कारण त्यात काय चालले आहे याची प्रत्येक ओळ नोंदवहीत उतरते आणि गडबड झाल्यावर कारण शोधता येते.

डब्ल्यूगेटला पत्ता देताना पुढील पर्याय जोडावेत. ‘मिरर’ या पर्यायामुळे ते दुव्यामागून दुवा धरून शेवटपर्यंत जाते. तो दिला नाही आणि साधी आवर्ती उतरवणी केली, तर ते पाचव्या पातळीवर थांबते आणि आपल्याला वाटते की सर्व आले. ‘पेज-रिक्विझिट्स’मुळे प्रत्येक पानाला लागणारी चित्रे आणि शैलीपत्रके (पानाची मांडणी ठरवणाऱ्या फायली) येतात. ‘ॲडजस्ट-एक्स्टेन्शन’मुळे वर्डप्रेसच्या पानांना एचटीएमएल हा प्रत्यय लागतो, तो नसेल, तर विंडोजला ती फाइल कशात उघडावी हे कळत नाही. सर्वांत महत्त्वाचा पर्याय ‘कन्व्हर्ट-लिंक्स’, कारण त्याच्यामुळेच पानांतील दुवे आपल्या डिस्कवरील फायलींकडे वळतात. मात्र हे वळवण्याचे काम सर्व उतरवणी संपल्यावर, अगदी शेवटी होते. मधेच वीज गेली, तर फायली येतात पण दुवे जुनेच राहतात, आणि प्रत बिघडली असा समज होतो. तशी ती बिघडलेली नसते. तीच आज्ञा पुन्हा चालवून पूर्ण होऊ द्यावी.

आणि कृपया घाई करू नका. स्वस्त भाड्याच्या जागेवरील संकेतस्थळाला एका दमात हजारो मागण्या पाठवल्या, तर यजमान कंपनीची यंत्रणा तुमचा पत्ता अडवेल, आणि मुदतीच्या तोंडावर ते परवडणारे नाही. ‘वेट’ला २ सेकंद द्या आणि ‘रँडम-वेट’ जोडा. चित्रांसह ५,००० फायली धरल्या, तर १०,००० सेकंद लागतील, म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास. रात्री लावून झोपावे.

तळटीप (मंगळवार, दुपारी १.१५)

तांत्रिक चर्चेत हक्कांचा मुद्दा मागे पडू नये, म्हणून लिहितो. संकेतस्थळ वाचनालयाचे आहे आणि कार्यकारिणीची संमती आहे, त्यामुळे उतरवण्याला अडचण नाही. दुसऱ्याचे संकेतस्थळ असते, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३ आठवावे लागले असते. मालकाच्या परवानगीवाचून संगणकातील विदा उतरवणे किंवा तिची प्रत करणे हेही त्या कलमात येते. लेखांचे हक्क ही मात्र वेगळी गोष्ट आहे. वार्षिक अंकात लेख दिला म्हणून लेखकाने स्वामित्वहक्क सोडला, असे होत नाही. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने एक सोय आली आहे: वाचनालय बिगरव्यापारी व सार्वजनिक असेल आणि त्या कृतीची छापील प्रत त्याच्या संग्रही असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवता येते. तुमचे जुने वार्षिक अंक कपाटात आहेत ना, हे आधी पाहून घ्या. अभ्यासिकेत वाचायला ठेवणे आणि पेनड्राइव्हवरून वाटत सुटणे यांत फरक आहे.

वाचनकट्टा (बुधवार, सकाळी ८.२०)

अंक १९७१ पासूनचे बांधणी करून ठेवलेले आहेत, मधली दोन वर्षे सोडून. काल रात्री खटपट्या यांनी सांगितल्याप्रमाणे डब्ल्यूगेट लावले. सकाळी उठून पाहतो, तर काम अजून चालूच होते आणि दिनदर्शिकेच्या एकाच उपविभागात १३,००० फायली जमल्या होत्या. उघडून पाहिल्यावर त्यांत सन २१४७ मधील एका महिन्याचे कोरे पान सापडले. आमच्या वाचनालयाने इतक्या पुढचे कार्यक्रम ठरवल्याचे मला तरी माहीत नव्हते! प्रक्रिया थांबवली आहे.

खटपट्या (बुधवार, सकाळी ९.०५)

हा दोष माझा. दिनदर्शिकेचा उल्लेख मूळ प्रश्नातच होता आणि मी तो वाचूनही सोडून दिला. प्रत्येक महिन्याच्या पानावर ‘पुढील महिना’ हा दुवा असतो. माणूस दोन महिन्यांनंतर थांबतो, यंत्राला थांबण्याचे कारण नसते. त्याच्या दृष्टीने प्रत्येक महिना हे न पाहिलेले नवे पान असते. म्हणून ‘रिजेक्ट-रेजेक्स’ या पर्यायात दिनदर्शिकेचा पत्ता वगळायला सांगा आणि गेलेल्या वर्षांतील जे महिने खरोखर हवे आहेत, त्यांची यादी वेगळी देऊन ते उतरवा.

वर्डप्रेसमध्ये असाच दुसरा सापळा प्रतिसादांचा असतो. प्रत्येक प्रतिसादाखालच्या ‘उत्तर द्या’ या दुव्यात ‘रिप्लायटूकॉम’ असा तुकडा व प्रतिसादाचा क्रमांक असतो, आणि त्यामुळे तेच पान वेगळ्या पत्त्याने पुन्हा येते. एका लेखावर साठ प्रतिसाद असतील, तर तो लेख एकसष्ट वेळा उतरतो. तोही तुकडा वगळा.

आणखी एक धोक्याची सूचना. लेखकाच्या दर्जाच्या प्रवेशाने आत जाऊन, त्या सत्राची कुकी (प्रवेशाची खूण ठेवणारी छोटी नोंद) देऊन उतरवण्याचा मोह होईल, कारण त्यामुळे अप्रकाशित मसुदेही मिळतील. तसे मुळीच करू नये. दुव्यामागून दुवा धरणारे यंत्र ‘बाहेर पडा’ हा दुवाही धरते आणि स्वतःलाच बाहेर काढते. हे झाले हसण्यावारी. पण जुन्या किंवा निष्काळजीपणे लिहिलेल्या प्रणालींत ‘काढून टाका’ हाही साधा दुवाच असतो. २००५ मध्ये गूगलने वेब ॲक्सिलरेटर नावाचे साधन काढले होते. ते वाचकाच्या आधीच पानावरील दुवे उघडून ठेवत असे, आणि त्यात काही लोकांची विदा अशाच दुव्यांमुळे पुसली गेली. मसुदे तेवढे हाताने घ्या.

परसदार (बुधवार, दुपारी ३.३०)

थोडी भर घालते. मी मागच्या वर्षी माझ्या आत्याच्या पाककृतींच्या ब्लॉगची अशीच प्रत घेतली. ब्लॉगरवर चित्रे ब्लॉगच्या पत्त्यावर नसून गूगलच्या वेगळ्या यजमानावर (सर्व्हरवर) असतात, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात मला सगळा मजकूर मिळाला आणि एकही चित्र मिळाले नाही. ‘स्पॅन-होस्ट्स’ देऊन ‘डोमेन्स’मध्ये फक्त तेवढेच यजमान लिहिल्यावर काम झाले. ‘डोमेन्स’ची वेस न घालता ‘स्पॅन-होस्ट्स’ दिले, तर यंत्र अख्ख्या महाजालावर फिरायला निघते. शिवाय आत्याने स्वतःच्याच जुन्या लेखांचे दुवे ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ अशा पत्त्याने दिलेले होते, आणि ते डोमेन २०२० मध्ये गूगलच्या हातून गेले. ते दुवे मला हाताने बदलावे लागले. वाचनकट्टा यांनी आपल्या संकेतस्थळावरील छायाचित्रे कोठे ठेवली आहेत, हे एकदा पाहावे.

वाचनकट्टा (शुक्रवार, रात्री १०.५०)

दुसरी उतरवणी पार पडली. परसदार ताईंच्या सूचनेप्रमाणे पाहिले. छायाचित्रे मूळ जागीच आहेत. एकूण ४,६०० च्या आसपास फायली आल्या. आता दोन अडचणी उरल्या आहेत.

पहिली अशी की २०१२ नंतरच्या लेखांची नावे विचित्र आली आहेत. मी हे काम भाच्याच्या लिनक्स असलेल्या संगणकावर केले. तेथे नावांतील काही अक्षरे नीट दिसतात आणि काहींच्या जागी चौकोन व टक्केचिन्हे येतात. विंडोजच्या संगणकावर नेताना तर काही फायलींची नक्कलच होत नाही. दुसरी अडचण अधिक चिंतेची आहे. २००३ च्या पानांवर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा काला दिसतो. मूळ संकेतस्थळावरही आता तसेच दिसते, हे आजच लक्षात आले. म्हणजे इतकी वर्षे तो विभाग कोणी उघडलाच नव्हता.

अक्षरजुळारी (शनिवार, सकाळी ११.२५)

दुसऱ्या अडचणीचे उत्तर देतो, कारण त्या काळात मी अशी पाने जुळवत असे. २००३ मध्ये मराठी युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामायिक संकेतप्रणाली) सर्वत्र नीट दिसत नसे. म्हणून शिवाजी, किरण यांसारखे टंक (फाँट) वापरले जात, ज्यांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असे. फाइलमध्ये साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरेच. टंक त्यांना मराठीचे कपडे घालतो. वाचकाकडे टंक नसेल म्हणून पानासोबत टंक पाठवण्याची सोयही होती: इंटरनेट एक्सप्लोररसाठी ईओटी आणि नेटस्केपसाठी पीएफआर या प्रकारची फाइल. नेटस्केप केव्हाच गेले, इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निवृत्त केले, आणि आजचे प्रचलित न्याहाळक या दोन्ही प्रकारच्या फायली ओळखत नाहीत. तुमची प्रत बिघडलेली नाही. तिला वाचणारे यंत्र उरलेले नाही.

तेव्हा पुढील काळजी घ्यावी. पानाचा स्रोत उघडून टंकाचे नाव शोधा आणि त्याची टीटीएफ (संगणकावर बसवता येणारी टंकाची) फाइल मिळवून दोन्ही संगणकांवर बसवा. असे बरेच टंक विनामूल्य वाटले गेले होते, आणि वाचनालयाच्या एखाद्या जुन्या सीडीवरही ती फाइल सापडू शकेल. एवढ्याने पाने पुन्हा वाचता यायला हवीत. ईओटी व पीएफआर फायली नोंदवहीत आल्या आहेत का, तेही पाहा. शैलीपत्रकातून दिलेली फाइल डब्ल्यूगेट स्वतः उचलते, पण नेटस्केपसाठीचा दुवा वेगळ्या पद्धतीने लिहिलेला असे आणि तो हमखास सुटतो. आज त्यांचा उपयोग नसला, तरी टंक कोणता होता याचा तो पुरावा आहे.

त्यानंतर मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे, पण वेगळ्या संचिकेत. टंकागणिक रूपांतरक उपलब्ध आहेत. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे येथे ते चुकतात, कारण जुन्या टंकांत वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. म्हणून प्रत्येक लेख छापील अंकाशी ताडून पाहणारा माणूस हवा. हे कष्ट घेण्याचे कारण असे की जुन्या रूपातील पानात ‘नाटकमंडळी’ हा शब्द शोधला, तर संगणकाला तो कधीच सापडणार नाही. आणि मूळ फाइल संपादकात उघडून ‘दुरुस्त करून’ जतन करण्याचा उद्योग कोणालाही करू देऊ नका. संपादक ती वेगळ्या संकेतनात जतन करतो आणि मूळ बाइट कायमचे बदलतात.

खटपट्या (शनिवार, दुपारी १२.४०)

अक्षरजुळारी यांचा प्रतिसाद छापून वाचनालयात लावावा असा आहे. आता नावांविषयी.

युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. डब्ल्यूगेट लिनक्सवर १२८ ते १५९ या मूल्यांच्या बाइटांना नियंत्रणचिन्हे समजून त्यांच्या जागी टक्केचिन्ह व आकडे लिहिते. ‘क’चा तिसरा बाइट त्या टप्प्यात पडतो, ‘म’चा पडत नाही. त्यामुळे ‘म’ शाबूत राहतो आणि ‘क’ फुटतो. तुम्हाला काही अक्षरे नीट दिसली ती यामुळेच. ‘रिस्ट्रिक्ट-फाइल-नेम्स’ या पर्यायाला ‘नोकंट्रोल’ हे मूल्य द्या, म्हणजे नावे जशीच्या तशी येतील.

लांबीचाही प्रश्न आहे. पत्ता टक्केचिन्हांच्या रूपात साठवला गेला, तर एका चिन्हाची ९ अक्षरे होतात. ‘सिंधुदुर्ग’ हा शब्द आपण चार अक्षरांत म्हणतो. त्यात १० चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट, आणि टक्केचिन्हांच्या रूपात ९० अक्षरे. फाइलच्या नावाला लिनक्सवर २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे त्या रूपात जेमतेम २८ चिन्हे. विंडोजवर तर संपूर्ण मार्गालाच सहसा २६० अक्षरांची मर्यादा असते. मराठी वृत्तांताचे लांबलचक शीर्षक त्यात मावत नाही, आणि म्हणून तुमच्या काही फायलींची नक्कल होत नसावी. प्रत डिस्कच्या मुळाशी, एकाच लहान नावाच्या संचिकेत ठेवा. ‘माझे दस्तऐवज’च्या पोटात चार पातळ्या खाली नव्हे. नव्या उतरवणीत ‘?’ आणि ‘:’ ही चिन्हे नावात आली, तर तीही विंडोजला चालत नाहीत. आणि २००३ च्या पानांत एकाच नावाच्या दोन फायली, एक मोठ्या लिपीतील व एक लहान लिपीतील, अशा असतील तर तपासा. लिनक्सवर त्या वेगळ्या असतात, विंडोजवर दुसरी पहिलीवर बसते.

जुनीपाटी (शनिवार, सायंकाळी ६.१०)

नावांची ही कुस्ती पाहून माझे मत आणखी पक्के झाले. दुवे वळवलेली प्रत वाचायला सोयीची असते, पण जतनासाठी ती अपुरी आहे, कारण तिच्यात मूळ पत्ते आणि मूळ बाइट बदललेले असतात. वॉर्क या प्रकारात सर्व्हरने दिलेले उत्तर त्याच्या शीर्षकांसह (हेडरांसह) आणि तारखेसह जसेच्या तसे एका फाइलीत साठवले जाते. तो आयएसओ २८५०० या क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि संकेतस्थळे जतन करणारी इंटरनेट अर्काइव्ह ही संस्थाही तोच वापरते. डब्ल्यूगेटला ‘वॉर्क-फाइल’ हा पर्याय दिला, की उतरवताना ही फाइलही सोबत तयार होते. लांब नावांचा प्रश्नच उरत नाही, कारण पत्ते फाइलच्या आत असतात. वाचण्यासाठी ‘रिप्लेवेब डॉट पेज’ हे साधन आहे.

खटपट्या (शनिवार, सायंकाळी ७.००)

जतनासाठी मान्य. पण अभ्यासिकेत येणाऱ्या निवृत्त शिक्षकांना वॉर्क फाइल कशी उघडावी, हे रोज कोण सांगणार? पटलावर एक चिन्ह असावे आणि ते दाबल्यावर मुखपृष्ठ उघडावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. दोन्ही ठेवा, एक वाचायला आणि एक कपाटात. ज्यांना फोनवर द्यायचे असेल, त्यांच्यासाठी किविक्स या जालजोडणीशिवाय वाचण्याच्या साधनाची झिम फाइलही तयार करता येते. मराठी विकिपीडियाही त्याच प्रकारात जालजोडणीशिवाय वाचता येतो. मात्र वॉर्क किंवा झिम फाइल ४ जीबीच्या वर गेली, तर फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ती बसणार नाही.

तळटीप (शनिवार, रात्री ९.४५)

इंटरनेट अर्काइव्हचे नाव निघालेच आहे, तर संकेतस्थळ चालू आहे तोवर महत्त्वाची पाने वेबॅक मशीन या तिच्या जुन्या पानांच्या संग्रहाच्या ‘सेव्ह पेज नाऊ’ या सोयीने तेथेही जमा करावीत. आणि तेथे उलटही शोधावे: तुमच्या संकेतस्थळावरून मधल्या काळात काढली गेलेली पाने तेथे असू शकतील.

वाचनकट्टा (पुढील गुरुवार, रात्री ८.३०)

सर्वांच्या सूचनांप्रमाणे तिसरी उतरवणी मंगळवारी पूर्ण झाली. या वेळी वॉर्क फाइलही सोबत घेतली. पाने १,०६४ आली, म्हणजे माझा अंदाज फारसा चुकला नव्हता. ती वर्डप्रेसच्या साइटमॅपशी (पानांच्या यादीशी) आणि जुन्या अनुक्रमणिकेशी ताडून पाहिली. नोंदवहीत ‘४०४’ (सापडले नाही) असा शेरा असलेले २३ पत्ते निघाले. त्यांपैकी १६ छायाचित्रे मूळ संकेतस्थळावरूनच केव्हातरी नाहीशी झालेली होती, आणि त्यांतील ५ वेबॅक मशीनमध्ये मिळाली.

तपासणी अभ्यासिकेच्या संगणकावर, जोडणीची तार काढून केली. तीन पाने तरीही जालाकडे धावत होती, कारण त्यांतील दुवे पानात लिहिलेले नसून जावास्क्रिप्टने ऐन वेळी तयार होत होते आणि डब्ल्यूगेट जावास्क्रिप्ट चालवत नाही. ती तीन पाने ‘सिंगलफाइल’ या विस्तारकाने न्याहाळकातूनच जतन करून जागेवर बसवली. अभिप्रायवहीचा दुवा मृतच आहे. ती एका बाहेरच्या विनामूल्य सेवेवर होती आणि ती सेवा केव्हाच बंद झाली.

टंक शिवाजी निघाला. त्याची फाइल एका जुन्या सीडीवर, निवडणूक याद्यांच्या संचिकेत सापडली. ती बसवल्याबरोबर १९५४ च्या नाटकाचे पान उघडले आणि ग्रंथपाल बाईंनी खुर्ची ओढून तेथेच ते वाचायला घेतले. युनिकोडमध्ये रूपांतर करण्यासाठी ८४ लेख आहेत. मुद्रितशोधनाला तीन सभासद तयार झाले आहेत, आणि बांधणीत नसलेल्या त्या दोन वर्षांच्या अंकांची कोणाच्या घरी प्रत आहे का, याची विचारणा सूचनाफलकावर लावली आहे. रूपांतरकाने रफाराचे काय केले, ते पहिले दहा लेख झाल्यावर येथे लिहीन.